बिनबांगड्यांच्या बायांचा पिच्चर

ओवीच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा म्हणून खोलीत गेले आणि तिच्याशेजारी फतकल मारून बसलेच. ओवी माझी नात, पहिलीत आहे, सुट्टीत दिवसभर त्या डबड्याला चिकटलेली असते. पडद्यावर एक अंगण दिसत होतं. अंगणात धान दळायची मोठी दगडी चक्की, आणि चक्कीपुढं बाह्या घट्ट गुंडाळून बांधलेल्या बायका रांगेत उभ्या. मारामारीचा चिनी पिच्चर. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हे उलटं लागलंय गं. चक्की डाव्या हाताला पाहिजे." ओवीनं माझ्याकडं असं बघितलं, की या बाईला घरात कुणी घेतलं.

पण माझ्या आठवणीतली चक्की डाव्याच हाताला होती. मी ती इतक्यांदा बघितली आहे, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. फरक एवढाच, की मी तो पिच्चर पडद्याच्या मागून बघितला होता.

तेव्हा आम्ही अहमदपूरला राहायचो. उस्मानाबादमधून काढून लातूरचा नवा जिल्हा केला त्याला फार दिवस झाले नव्हते. पत्ता लिहिताना लोक अजून उस्मानाबाद लिहायचे, मग खोडून लातूर करायचे. जिल्हा आला आन पाऊस गेला, असं माझा आजा म्हणायचा, जसं काही पावसानं बदलीच करून घेतली. विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर आला की घागरींचा जो खणखणाट उठायचा, तो अजून माझ्या कानात आहे. शेतात औताला काम नव्हतं, म्हणून आमची सगळी वस्ती सकाळी उठून पाझर तलावाच्या हमीच्या कामावर माती उचलायला जायची. आणि अशा त्या करपलेल्या वर्षात बाजारतळावर टुरिंग टॉकीजचा तंबू येऊन बसला तो हलेचना.

तंबू कसला, चारी बाजूंनी कनाती आणि वर आभाळ. मधोमध पांढरा पडदा. पडद्याच्या पुढं बाप्ये, मागं बाया, अशी तिथली रीत. इंजिनाच्या डिझेलचा वास, पुढून येणारा बिड्यांचा धूर, खाली सतरंजी नाही, आपापलं पोतं घेऊन जायचं. मागच्या अंधारात कोण कुठल्या गल्लीतली हे कुणी विचारत नव्हतं. आम्ही बौद्ध वस्तीतल्या, शेजारी पेठेतल्या सावकारांच्या सुना, त्यांच्या मांडीला मांडी लावून मुसलमानांच्या पोरी. दिवसा असं बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

मागून चित्र दिसायचं तर पडदा ओला करावा लागतो. कोरड्या कापडातून नुसता उजेड येतो, माणसं येत नाहीत. आधी मालकाची माणसं बादलीनं पडदा भिजवायची. पण दुष्काळ आवळत गेला तसं पाण्यापायी गावात रोज भांडणं व्हायला लागली, आणि कापडावर पाणी ओततो म्हणून मालकाला कुणी तरी दम दिला. त्यानं हात वर केले. दिसेल तेवढं बघा म्हणाला. बाया कसल्या ऐकतात? त्यांनी घरून पाणी आणायला सुरुवात केली. भांडी विसळलेलं, डाळ धुतलेलं, जे गुरांनाही पाजता येत नाही असं. आल्या आल्या तांब्यातलं पाणी पडद्यावर फेकायचं आणि मग पोतं टाकून बसायचं. थोड्याच दिवसांत त्या पडद्याला राखेचा आणि आंबट वरणाचा वास मारायला लागला. एकदा तुरीच्या डाळीचं टरफल नेमकं चिकटलं आणि खलनायकाच्या गालावर तीळ आला. तो कुठंही गेला तरी तीळ मात्र जागच्या जागी राहायचा, आणि आम्ही पोटं धरधरून हसायचो.

मागून सगळं उलटं. त्यामुळं आमच्या बाजूला सगळे चिनी लोक डावखुरे होते. डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं तलवार धरायचे. त्यांच्या मुलखात तसंच असतंय, असं खैरूनखालानं सांगितलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती.

खैरूनखाला बांगडीवाली. डोक्यावर टोपली घेऊन लोह्यापासून शिरूरपर्यंतची गावं पायी फिरणारी. ती दारात बसली की गवतात गुंडाळलेल्या काचेचा आणि गोडेतेलाचा वास अंगणभर व्हायचा. हात तिच्या हातात दिला की तो आपला राहायचाच नाही. अंगठा आत, अंगठा आत, असं पुटपुटत ती पंजा असा काही दाबायची की हाडं एकमेकांवर चढायची, आणि केवढाही रुंद हात असला तरी बांगडी सरकन वर जायची. न टिचता. बाई कोण, कशी, तिचं घरात कसं चाललंय, हे ती तोंडाकडं न बघता मनगटावरून सांगायची. जन्मभर तिनं दुसरं काही बघितलंच नव्हतं.

माझे वडील सडकेच्या सरकारी टोळीत होते. खड्डे बुजवायचे, रस्त्याच्या कडेच्या झाडांना चुना आणि गेरू लावायचा. त्यांच्या अंगाला कायम डांबराचा वास. लोह्याच्या रस्त्यावर त्यांनी रंगवलेली लिंबाची झाडं होती, मी त्यांना दादांची झाडं म्हणायचे. दुष्काळाच्या पहिल्याच उन्हाळ्यात दादा गेले. आमच्या घरातून देव्हारा कधीचा गेला होता. आजानं स्वतः दीक्षा घेतलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं रोज मेणबत्ती. पण सुनेच्या बांगड्यांची वेळ आली तेव्हा सगळे जुन्याच वाटेनं गेले. मायच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उंबऱ्यावर फुटल्या. मला त्याचा अजून राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही, पण येतो.

त्यानंतर खाला आमच्या दारावरून जायची ती मान खाली घालून. तिचा धंदाच तसला. जिथं बांगडी नाही तिथं बांगडीवालीनं थांबायचं कशाला? माय आतून तिची हाळी ऐकायची आणि चुलीतलं लाकूड उगीच पुढं-मागं करायची.

मग टोळीतल्या हणमंतूमामानं निरोप आणला. दादांच्या जागी घरातल्या एकाला सरकार कामाला घेणार. लातूरच्या नव्या हापिसात शिपायाची जागा आहे. ज्याला पाहिजे त्यानं स्वतः येऊन साहेबापुढं उभं राहायचं, पोळा झाल्यावर येणाऱ्या सोमवारी. आजानं तिथल्या तिथं ठरवलं, काकानं जायचं. काका म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, दहावीला आपटलेला, घरात बसून. तो लातूरला राहील, पगार घरी पाठवील, मायला आणि मला काही कमी पडणार नाही, असं आजाचं म्हणणं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेही खरं आहे.

माय भाकरी थापत होती. ती थांबली नाही, तिनं वरही बघितलं नाही.

"जागा माझ्या नवऱ्याची हाय. मी जानार."

आजाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला. रांडमुंड बाईनं परक्या शहरात जाऊन साहेबाला चहा द्यायचा, लोक काय म्हनतेल, असं बरंच बोलला. काका पाटावरून उठून गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात या विषयावर कुणी बोलेना, आणि दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलणंही सुचेना. माझ्यापुरतं म्हणाल तर माय गेली तर माझी शाळा लातूरला, आणि काका गेला तर माझी शाळा बंद, एवढं मला न सांगता कळलेलं होतं.

एका संध्याकाळी खाला आमच्या दारात उभी राहिली. डोक्यावर काही नव्हतं.

"आज टोपली नै आनली," ती म्हणाली. "पिच्चरला चल माझ्यासंगं."

माय नाही म्हणाली. लोक म्हणाली, सासरा म्हणाली, वर्ष झालं नाही म्हणाली. खाला उंबऱ्यावर बसूनच राहिली. शेवटी मायनं ताटल्या विसळलेलं पाणी तांब्यात घेतलं, पदर डोक्यावर ओढला, माझा हात धरला आणि निघाली. आजा पारावरून बघत होता. ती त्याच्या पुढून गेली, मागल्या बोळातून नाही.

तो पिच्चर तिथं कितीतरी दिवस मुक्कामाला होता, कारण पुढची बाप्येमंडळी त्यावर खूश होती. त्यांना गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. हाणामारी सुरू झाली की शिट्ट्या, संपली की बिडी. काका तर पुढच्या रांगेत, कपाळाला पंचा बांधून. रोज सकाळी उकिरड्यापाशी त्याचं हा हू चालायचं, आणि त्याच्या लाथेनं आमच्या कुडाला भोक पडलेलं होतं.

मागं मात्र बायांना गोष्ट पाहिजे होती. ही कोण, तो कोण, ही रडून का राहिली, म्हातारी रुसली का? पिच्चरमधलं बोलणं इंग्रजी, तेही तोंड एकीकडं आणि शब्द दुसरीकडं. कुणाच्या बापाला कळणार? तेव्हा खालानं सांगायला सुरुवात केली. तिनं हात बघितले. पडद्यावरच्या एकाही बाईच्या हातात बांगडी नव्हती.

"बेवा हायत," खाला म्हणाली. "समद्याच्या समद्या. बिनबांगड्यांच्या."

मग पिच्चरमधल्या घरात तो जो देव्हाऱ्यासारखा कोनाडा होता, त्यात अक्षरं लिहिलेली पाटी आणि उदबत्ती, ती कुणाची हे वेगळं सांगायची गरजच राहिली नाही. मेलेल्या नवऱ्यांची. मग धाकट्या सुनेच्या मागं सारखा जो माणूस फिरून राहिला होता, तो कोण? नवरा तर नाही, नवरा असता तर हातात बांगडी असती. म्हणजे दीर. चक्की सासऱ्याची, सासऱ्यानं अंगातली सगळी विद्या या धाकट्या सुनेला दिलेली, आणि दीर ती चक्की विकायला निघालेला. आता तिनं काय करायचं? दिराशी लढायचं. झालं, पिच्चर समजला.

एका जागी मात्र खाला अडकायची. सून ओट्यावर झोपलेली असते आणि तो माणूस हलक्या पावलानं येऊन तिच्या अंगावर पांघरूण घालतो. पहिल्या दिवशी बाया खवळल्याच. दीर असून पांघरूण घालतो, मुडदा? खालानं जरा विचार केला आणि नीयत खराब हाय त्याची, असा निकाल दिला. पुढं रोज ते पांघरूण आलं की मागून शिव्यांचा पाऊस पडायचा. पुढच्या बाप्यांना कळायचं नाही, एवढ्या मायेच्या जागी बाया का ओरडून राहिल्या.

माय सुरुवातीला पदरात तोंड घालून बसायची. मग पदर खाली आला. मग ती पोतं घेऊन पुढं सरकली, इतकी की पडद्यावरचे थेंब तिच्या तोंडावर उडायचे. उजेडात मी तिच्याकडं बघायचे. दादा गेल्यापासून तिचा चेहरा बंद घरासारखा झाला होता. तिथं तो उघडा असायचा. ओठ हलायचे, खालाच्या आधी ती स्वतःच सांगायची, आता येईल बघ दीर, आता आडवा होईल.

तो आडवा व्हायचा ती जागा मला या क्षणी दिसते. सून गावाबाहेरच्या कमानीतून निघालेली असते, आणि तो मागून येऊन तिचं मनगट धरतो. धरतो म्हणजे आवळतो. ती ओढून बघते, सुटत नाही. मग ती ओढायचं थांबवते. हात ढिला सोडते, एकदम बारीक करते, वळवते, आणि तो निघतो. त्याची मूठ हवेत तशीच.

"हे तर आपलंच काम हाय गे," खाला पहिल्यांदा बघताच ओरडली. तिनं मायचा हात ओढून घेतला. "बांगडी जशी आत जाती ना, तसाच हात भाईर येतो. अंगठा आत घाल. जोर लावू नको, जोर लावला की हात जाड होतो. त्याचा अंगठा जिकडं, तिकडून निघायचं."

दुसऱ्या दिवसापासून तलावाच्या कामावर दुपारच्या सुट्टीत हाच खेळ. बाभळीच्या विरळ सावलीत भाकरी-चटणी झाली की बाया एकमेकींची मनगटं धरायच्या. मातीनं भरलेले, घट्टे पडलेले हात. ही धरायची, ती सोडवायची, आणि मग सगळ्या जणी खिदळत मातीत बसायच्या. मुकादम लांबून बघायचा, त्याला वाटायचं बायांना ऊन लागलं. माय खिदळत नव्हती. ती गड्यासारख्या हाताच्या सरूआत्याला सांगायची, आणखी आवळ, आणखी. तिच्या मनगटावर लाल वळ उठायचे. घरी आल्यावर ती ते पदराखाली झाकायची आणि काकाला भाकरी वाढायची.

पोळा कसाबसा झाला. बैलांना धुवायलाही पाणी नव्हतं, नुसता ओला फडका फिरवला. सोमवारी सकाळी मायनं मला नवा झगा घातला, एका पिशवीत भाकरी आणि तिचं एक लुगडं घेतलं. आजाच्या पाया पडली. लातूरला जाते म्हणाली. आजानं भिंतीकडं तोंड केलं. काका घरात नव्हता, आणि मला वाटलं सुटलो.

अहमदपूरच्या स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. माणसं खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होती, शेंगदाणेवाला ओरडत होता, गाडीखालून तेलाचा काळा ओघळ आलेला. मायनं दाराच्या दांडीला हात घातला आणि पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात काका धावत आला. घामानं निथळत होता. त्यानं तिचं मनगट धरलं. पिच्चरमध्ये धरतात तसंच धरलं, मुद्दाम नव्हे, एवढ्या दिवसांत त्याच्या हाताला तीच सवय लागली होती.

"वैनी, घरी चला. लोक बघून राहिलेत."

लोक खरंच बघत होते. शेंगदाणेवाल्यानं टोपली खाली ठेवली. माझी पिशवी खाली पडली. मला वाटलं माय आता रडेल. तिनं एकदा हात ओढला, आणि तो सुटला नाही. मग तिनं ओढायचं थांबवलं.

"भाऊजी, जागा त्यांची हाय," ती हळू म्हणाली. "मी मागून घेऊन नाही राहिले. माझी हाय."

आणि तिचा हात बारीक झाला. मी बघितलं. अंगठा आत गेला, बोटं एकमेकांत मिटली, काकाच्या अंगठ्याच्या बाजूनं तो वळला आणि बाहेर आला. बांगड्या असत्या तर एखादी फुटली असती, टोचली असती, थोडी तरी अडकली असती. काहीच अडकलं नाही. काका आपल्या मुठीकडं बघत उभा. त्याला ती चाल पाठ होती. पुढच्या रांगेत बसून त्यानं तिच्यावर कितीदा शिट्टी मारली असेल. त्याच्या तोंडावर राग यायला पाहिजे होता, पण आधी नवलच आलं. त्यानं खाली पडलेली पिशवी उचलली, माती झटकली आणि माझ्या हातात दिली. मग तो वळून गेला. गाडी सुटेपर्यंत माय दांडी धरून उभीच होती, जागा असून.

लातूरचं ते हापिस भाड्याच्या घरात होतं. दारावरच्या पाटीचा रंग अजून बोटाला लागत होता, आणि आत खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त होती. साहेबानं विचारलं, इथंच राहावं लागेल, जमेल का. माय म्हणाली, राहते. झाडलोट, पाणी भरणं, साहेब येण्याआधी येणं आणि गेल्यावर जाणं. सगळ्याला ती जमंल, एवढंच म्हणत राहिली. बाहेर येऊन आम्ही भिंतीच्या सावलीत भाकरी खाल्ली. ती भाकरी मला फार गोड लागली होती, आणि माय खाता खाता रडत होती, आता कशाला रडते म्हणून मी तिच्यावर चिडले होते.

मी लातूरला शिकले, मास्तरीण झाले, निवृत्तीला आता थोडी वर्षं उरली. काका पुढं टेम्पो चालवायला लागला, त्याचं बरं चाललं. त्याच्या लग्नात मायनं हळद दळली. पण तो मायशी कायम तुटकच बोलला, जेवढ्यास तेवढं, आणि पाच वर्षांमागं गेला. पिच्चरच्या शेवटी सगळं घर एका ताटाभोवती जेवायला बसतं, धाकटी सून हरलेल्या माणसाला स्वतः भात वाढते. घरचाच हाय ना, असं खाला म्हणायची. आमच्या घरात ते काही झालं नाही. मायला त्याची रुखरुख आहे, मला नाही. खालाही गेली. बाजारतळावर आता गाळे झालेत, मोबाइलची दुकानं आहेत.

तर त्या दिवशी ओवीशेजारी बसून मी तो पिच्चर शेवटपर्यंत बघितला. आता त्याला हिंदी बोलणं घातलेलं आहे, सगळं स्वच्छ कळतं. आणि मी बघतच राहिले. त्या बायका विधवा नव्हत्याच. एकसुद्धा नाही. कोनाड्यातली पाटी सासऱ्याची. बांगड्या त्या मुलखात घालतच नाहीत, एवढीच गोष्ट. आणि ज्याला आम्ही इतक्या शिव्या घातल्या तो दीर, तो तिचा नवरा होता. जिता-जागता, दारात उभा असलेला नवरा. चक्की विकू नको म्हणून ती नवऱ्याशी लढते, तो शेवटी चूक कबूल करतो, आणि ती त्याला भात वाढते. ते पांघरूणसुद्धा त्यानं मायेनंच घातलेलं.

मला आधी खालाचा राग आला, मग हसू आलं, मग भीती वाटली. कारण माझी माय त्या गोष्टीच्या जोरावर घरातून निघाली होती. सासऱ्याच्या पुढून चालत गेली ती त्या बायांच्या मागोमाग. आता या वयात तिला सांगायचं, की असं काही नव्हतंच? न सांगता मला राहवेना. लहानपणापासून मी तिच्यापासून काही लपवलेलं नाही, आणि ती कुणी जपून ठेवायची बाई नव्हेच.

माय सत्तरीची आहे, आमच्यातच राहते. पुढच्या खोलीत सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. नवरे, पाटी, पांघरूण. ओवी माझ्या पाठीवर रेलून ऐकत होती. माय खडे काढत राहिली. माझं संपलं तेव्हा तिनं सूप बाजूला सरकवलं.

"म्हंजे खैरूननं चुकीचंच सांगितलं म्हन की."

"हाव."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते, काही मोडतंय का म्हणून.

"असू दे," ती म्हणाली. "त्यांचा दीर खोटा असंल. माझा तर खरा हुता."

मग तिनं पदराला हात पुसले आणि मोबाइलसाठी पुढं केले. बघू दे म्हणाली, किती वर्षं झाली. ओवीनं तो लावून तिच्या मांडीवर ठेवला. हिंदी बोलणं मोठ्यांदा सुरू झालं तशी मायनं कपाळाला आठ्या घातल्या.

"त्याचा आवाज बंद कर आधी. मी सांगते काय हाय ते."

ओवीनं आवाज बंद केला आणि पणजीच्या कुशीत शिरली. मायनं चष्मा वर सरकवला, रांगेतल्या बायांवरून बोट फिरवलं आणि एकीवर ठेवलं.

"ही बघ, ही धाकटी. हिचा नवरा गेलेला हाय. आन हिला लातूरला जायचंय."